सातमाळेवर शिधा संपला तेव्हा: अचला ते अंकाई, एका टीमची गोष्ट

पार्श्वभूमी

तिघांची टीम, तिघंही नाशिकचे. नावं देत नाही, सर, ताई आणि पोरगा एवढंच म्हणतो. सर पन्नाशीचे, ज्युनिअर कॉलेजला शिकवतात, सह्याद्रीत आयुष्य घातलेला माणूस. ताई बँकेत. पोरगा इंजिनिअरिंगला, ताईच्या सोसायटीतला, पाय जबरदस्त आणि भूक त्याहून जबरदस्त. मी नाशकात फोनवर होतो, म्हणजे संध्याकाळी ठरलेला मेसेज आला नाही तर गाडी काढायची ती जबाबदारी माझी. त्यामुळे खालची हकीकत काही माझ्याकडच्या मेसेजमधून आणि बाकी तिघांशी नंतर वेगवेगळं बोलून जुळवलीये.

प्लॅन असा की सातमाळा रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे सलग चालायची. अचला, अहिवंत, सप्तशृंग गड, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई, चांदवड आणि शेवटी मनमाडजवळ अंकाई-टंकाई. अंतर किती किल्ले चढता त्यावर ठरतं पण शंभर किलोमीटरच्या पुढे जातंच. डिसेंबरचा शेवट, टाक्यांना पाणी, हवा मस्त, रात्री मात्र निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात ना तशी थंडी.

पोराने अमेरिकेतल्या लांब ट्रेलचे व्हिडिओ भरपूर बघितलेले. तिकडे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चार हजार दोनशे किलोमीटरच्या वर आहे, ॲपलाचियन ट्रेल साडेतीन हजाराच्या आसपास, आणि लोक वाटेतल्या छोट्या गावांच्या पोस्टात स्वतःच्याच नावाने खाण्याचे खोके आधी पाठवून ठेवतात. त्याचं म्हणणं आपण पण तसंच करू. सरांनी एका वाक्यात उडवून लावलं: आपल्याकडचं गावातलं शाखा डाकघर दिवसाला चार-पाच तास उघडं असतं, पोस्टमास्तर बऱ्याचदा शेतकरीच असतो, तुम्ही डोंगरातून दुपारी तीनला उतरलात तर खोका कुलपात आणि चावी मळ्यात.

मग ठरलं की शिधा चार टप्प्यांत घ्यायचा. सुरुवातीला नाशिकहून तीन दिवसांचा. मग सप्तशृंग गडावर, तिथे बारा महिने भाविक असतात, हॉटेलं, दुकानं, सगळं आहे. मग रवळ्या-जावळ्या आणि धोडपच्या मधलं एक छोटं गाव, आणि शेवटी चांदवड, जे तालुक्याचं ठिकाण आहे म्हणजे चिंताच नाही. मधल्या गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जे झालं त्यात गावाचा काही दोष नव्हता.

अडचण कशी तयार झाली

लोक म्हणतात त्या मधल्या गावातलं दुकान बंद होतं म्हणून तिघं अडकले. तसं नाहीये. अडचण गडावरच तयार झाली होती, दोन दिवस आधी.

गडावर पोचले तेव्हा तिघं व्यवस्थित जेवले, सकाळी परत मिसळ, आणि सामान घ्यायची वेळ आली तेव्हा सरांनी हिशोब मांडला. माणशी दिवसाला साडेसहाशे ग्रॅम कोरडा शिधा, म्हणजे तिघांचे दोन किलो. चांदवडपर्यंतचा सगळा शिधा इथेच घेतला तर आठ-नऊ किलो वजन पाठीवर घेऊन मार्कंड्या आणि मग रवळ्या-जावळ्या चढायचं. त्यापेक्षा पुढच्या गावात दुकान आहे, आठवड्यापूर्वी दुकानदाराशी फोनवर बोलणं झालंय, तो म्हणालाय सगळं मिळेल, या. ताईने एकदा विचारलं की सगळं म्हणजे काय काय. सर म्हणाले अहो ताई, पोहे, शेंगदाणे, गूळ कुठल्या गावात मिळत नाही?

कागदावर हे बरोबरच होतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पावणेसहाशे कॅलरी, गुळात पावणेचारशेच्या वर, पोह्यात साडेतीनशे. या तीन गोष्टी मिळाल्या तर माणूस सह्याद्रीत कितीही चालतो.

गावात पोचले संध्याकाळी पाचच्या सुमारास. दुकानाचं शटर खाली. भावकीत सकाळी मयत झालेली, दुकानदार त्याच घरातला. दुसरी एक टपरी होती, तिच्यात चहाच्या पुड्या, साबण, शांपूची पाकिटं, पाच-पाच रुपयांचे कुरकुरे, बिस्किटाचे दोन-तीन पुडे. पोहे नाहीत, शेंगदाणे नाहीत. टपरीवाली आजी म्हणाली, "उद्या बाजार आहे ना बाबा खाली, उद्या संध्याकाळी या, सगळं भरलेलं राहील."

आता यात समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. अशा गावातलं दुकान आठवडे बाजारावर चालतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ते भरलेलं असतं आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी रिकामं. शिवाय गाव स्वतः पोहे-शेंगदाणे फारसं विकत घेतच नाही, शेंगा घरच्या, बाजरी घरची, गूळ बाजारातून एकदम. दुकानात असतं ते फक्त मधल्या वेळेला कमी पडलेलं. म्हणजे मयत झाली नसती आणि शटर वर असतं तरी त्या संध्याकाळी किती मिळालं असतं याबद्दल मला शंकाच आहे. सर अजून मान्य करत नाहीत.

त्यात कांद्याचे दिवस. लाल कांदा काढणीला आणि उन्हाळ कांद्याची लागवड चालू, दोन्ही एकदम. दिवसभर घरं बंद, बायामाणसं लागवडीला, आणि गडी रात्री लाईट आली की पाणी भरायला परत मळ्यात. म्हणजे गावात बोलायला माणूस मिळायची वेळ म्हणजे संध्याकाळचा तास-दीड तास, बस.

तिघांनी सॅक उघडून मोजलं. पोहे अर्धा किलो, मॅगीची चार पाकिटं, चिक्कीच्या सहा वड्या, गुळाचा एक खडा, चहा, दूध पावडर. ताईने बेरीज केली तर साडेचार हजार कॅलरीच्या आसपास. थंडीत दिवसभर चढउतार करणाऱ्या तिघांना मिळून दिवसाला नऊ-दहा हजार लागतात. आणि चांदवड अजून तीन दिवसांवर. गॅसचा डबा अर्ध्याच्या खाली, आणि तो स्क्रूवाला डबा नाशिकमध्येसुद्धा ट्रेकिंगच्या दोन-चार दुकानांतच मिळतो, इथे प्रश्नच नाही. नेटवर्क गावाबाहेरच्या टेकाडावर एक कांडी, म्हणजे फोन पे विसरा. कॅश होती पण सगळ्या पाचशेच्या नोटा, सुट्टे जेमतेम दीडशे.

समोर काय पर्याय होते

पहिला, आहे त्यात पुढे जायचं. पोराचं मत हेच. धोडपवर देवळात बाबा असतात, काहीतरी होईल. सरांनी नाही म्हटलं आणि माझ्या मते बरोबर म्हटलं. कुणाच्या तरी देवळातला शिधा हा आपला प्लॅन असू शकत नाही, आणि धोडपनंतर कांचनाकडे जाताना रिकाम्या पोटी ट्रॅव्हर्सवर, म्हणजे डोंगराच्या कडेने जाणाऱ्या आडव्या वाटेवर, पाय घसरला तर काय.

दुसरा, वडाळीभोईला उतरायचं. मुंबई-आग्रा हायवेवरचं गाव, तिथे सगळं मिळतं. पण चालत गेलं तर जाऊन येऊन एक अख्खा दिवस, आणि कुणाच्या गाडीवर बसून गेलं तर सलग चालण्याचा नियम मोडतो का यावर तिघांची अर्धा तास चर्चा. भुकेल्या पोटी नियमांवर चर्चा करणारी माणसं मला फार आवडतात. सरांचं मत पडलं की खालीवर गाडीने गेलं आणि जिथे थांबलो तिथूनच परत चालायला लागलं तर सलगपणा मोडत नाही. हे नोंदवून ठेवतोय कारण पुढे कामी आलं नाही पण कुणाला तरी येईल.

त्याच्याच पोटात एक उपपर्याय होता. गावातून रोज पिकअप कांदा घेऊन पिंपळगावला जाते आणि येताना रिकामी येते. तिला यादी दिली की संध्याकाळी सामान हजर. एकदम भारी आयडिया, फक्त दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची आपल्या जिल्ह्यातली जुनी प्रथा होती, लिलाव नाही तर पिकअप नाही. कॅलेंडर तिघांच्या फोनमध्ये होतं, बघितलं कुणीच नाही.

तिसरा, मला बोलवायचं. मी सामान घेऊन दोन तासांत पोचलो असतो. ताई टेकाडावर जाऊन मला फोन करणार होती, सर म्हणाले थांबा. त्यांचं म्हणणं, घरून गाडी मागवायची तर मग एवढा खटाटोप कशाला, आणि माझ्या सकाळच्या शिफ्टची त्यांना कल्पना होती. यावर माझं आणि त्यांचं आजही पटत नाही. फोनवरचा माणूस ठेवलाय तो वापरायलाच. निदान कळवायला तरी हवं होतं, म्हणजे मी तयारीत राहिलो असतो. मला त्या रात्री मेसेज आला तो फक्त "गावात मुक्काम, सगळे ठीक."

चौथा पर्याय, गावालाच विचारायचं. हा वरून सगळ्यात सोपा दिसतो पण त्या दिवशी सगळ्यात अवघड होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी आणि शेजारी भाकरी-पिठलं करून नेतात. म्हणजे गावातल्या निम्म्या चुली आधीच दुसऱ्यांसाठी पेटलेल्या. अशा वेळी अनोळखी तिघांनी दारात जाऊन आम्हाला पण करून द्या म्हणायचं? ताईला ते बिलकुल पटेना. कुणीतरी सुचवलं की शाळेत पोषण आहाराचा तांदूळ पडलाय, तो शिजवणाऱ्या मावशींना विचारा. ताईने तिथल्या तिथे नाही सांगितलं, पोरांचा तांदूळ आहे तो, पैसे देऊनसुद्धा नाही. सर गप्प बसले. पोरगा मला नंतर म्हणाला की त्याला तेव्हा ताईचा राग आला होता.

शेवटी काय केलं

शाळेतल्या त्याच मावशींना भेटले, पण तांदळासाठी नाही. त्यांची वस्ती गावापासून थोडी लांब, सुतकाशी संबंध नाही. ताई एकटी गेली, सर आणि पोरगा मारुतीच्या पारावर थांबले. हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. अंधार पडताना तीन सॅकवाले दारात उभे राहिले की घरातली बाई आधी घाबरते, मग घरातला पुरुष येईपर्यंत थांबा म्हणते. एकटी बाई ओसरीवर टेकली की आधी चहा येतो.

ताईने सरळ विचारलं, "मावशी, तुमच्या घरच्या शेंगा असतील तर विकत द्याल का, दुकानाच्या भावाने?" फुकट काही मागितलं नाही आणि जेवायला घाला असंही म्हटलं नाही. मावशींनी शेंगदाणे दिले दोन किलो, गूळ अर्धा किलो, आणि मग स्वतःहून म्हणाल्या की बाजरीच्या भाकरी टाकून देते, थंडीत दोन दिवस काही होत नाही. अठरा भाकरी, वाटीभर ठेचा, कांदे पिशवी भरून. कांद्याचे पैसे घ्यायला त्या काही केल्या तयार होईनात. शेंगदाण्याचे घेतले, भाकरीचे घेऊ की नको असं करत शेवटी घेतले, तेही पाचशेची सुट्टी नाही म्हणून वस्तीतल्या दोन घरी पोरगी पिटाळून.

दुसरी गोष्ट सकाळी झाली. दूध संकलनाची गाडी साडेसहाला येते, गावातलं दूध घेते आणि फिरून खाली धोडांबेकडे जाते. तिचा ड्रायव्हर म्हणजे साधारण तिशीचा दादा. त्याचा रस्ता हट्टीच्या बाजूने जातो, आणि हट्टी म्हणजे धोडपचा पायथा, जिथे तिघं पुढच्या दुपारी उतरणार होते. सरांनी यादी आणि हजार रुपये त्याच्या हातात दिले. पावती नाही, ओळख नाही, फक्त टपरीवाल्या आजीने सांगितलं की पोरगा आपलाच आहे, द्या. हट्टीला अमुक चहावाल्याकडे ठेवून देतो म्हणाला आणि गेला. पोराच्या भाषेत हे हजार रुपये गेले. सर म्हणाले गेले तर गेले, भाकरी आहेत.

यादीत होतं: पोहे दोन किलो, खजूर एक किलो, साजूक तूप पाव किलो, नागलीचं पीठ एक किलो, मेणबत्त्या, आणि शंभरच्या सुट्ट्या नोटा.

पुढे काय झालं

तिसऱ्या प्रहरी हट्टीला उतरले तर चहावाल्याकडे पिशवी होती. हिशोबाचा कागद आणि उरलेले पैसे पिशवीतच, शंभराच्या आणि वीसच्या नोटांत. पोहे, खजूर, मेणबत्त्या बरोबर. तुपाऐवजी शेंगदाणा तेल, कारण बाजारातलं तूप त्याला भरवशाचं वाटलं नाही. आणि नागलीच्या पिठाऐवजी बाजरीचं पीठ, कागदावर लिहिलेलं, "नागली भेटली नाही, घरची बाजरी दळून आणली."

नागलीबद्दल थोडं थांबून सांगतो कारण या सगळ्यातून मला मिळालेली ही सगळ्यात कामाची माहिती. सातमाळा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालताना पाऊस कमी कमी होत जातो. सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगरी पट्ट्यात भात आणि नागली, नागलीचं पीठ घरोघर. धोडपपर्यंत आलात की बाजरी आणि कांदा, चांदवड-मनमाडकडे तर पर्जन्यछायेचाच मुलूख. म्हणजे एकाच रांगेवर चार दिवसांच्या चालीत गावाच्या कणगीतलं धान्य बदलतं. सरांची सकाळची सवय आंबील प्यायची, ती अचल्याच्या बाजूला कुठेही भागली असती, इथे नाही. आणि पीठ विकत मागणं हेच मुळात शहरी, गावात धान्य असतं आणि गिरणी असते, तयार पिठाचं पाकीट कोण ठेवणार.

बाजरीच्या पिठाचं त्यांनी काय केलं? तेलावर भाजून, गूळ घालून, पाणी ओतून दाटसर पेज. तीन दगडांच्या चुलीवर, म्हणजे गॅस वाचला. पोरगा म्हणतो चव भयंकर होती, ताई म्हणते चांगली होती. खाल्ली दोघांनीही.

कांचना, राजधेर करून चांदवडला पोचले ते ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा, कारण हट्टीला अर्धा दिवस आराम केला आणि इंद्राईला पोराचा गुडघा बोलायला लागला. चांदवडला पोरगा एसटीने नाशिकला परतला, त्याचं सबमिशन होतं. सर आणि ताई अंकाईपर्यंत गेले, मनमाडहून रेल्वेने नाशिकरोड. शिध्याचा प्रश्न नंतर आला नाही, उलट चांदवडला भीतीपोटी एवढं घेतलं की दोन किलो पोहे घरी परत आले.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवर विचारलेला प्रश्न चुकीचा होता. सामान मिळतं का असं विचारलं की कुठलाही दुकानदार हो म्हणणार, त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. विचारायचं ते असं: तुमचा बाजारवार कोणता, आम्ही अमुक वारी संध्याकाळी येतोय, दोन किलो पोहे आणि दोन किलो शेंगदाणे आमच्यासाठी बाजूला काढून ठेवाल का, आणि तुम्ही नसलात तर कुणाकडे ठेवाल. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अडवान्स पाठवता आला तर पाठवायचा, मग वस्तू ठेवली जाते. आठवड्यापूर्वी एक फोन पुरत नाही, गडावर रेंज होती, तिथून परत एक करायला हवा होता. तो झाला असता तर मयतीचं नाही पण बाजारवाराचं नक्की कळलं असतं.

गडावर एक दिवसाचा जादा शिधा घ्यायचा की नाही, यावर सर आणि ताई अजून भांडतात. दोन किलो वजन. मी ताईच्या बाजूने आहे, पण सरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, कारण रवळ्या-जावळ्याच्या चढावर तेच दोन किलो गुडघ्यावर येतात आणि पोराचा गुडघा नंतर गेलाच. मधला मार्ग म्हणजे दोन किलो पोह्यांऐवजी एक किलो शेंगदाणे आणि पाव किलो तूप, तेवढ्याच कॅलरी बऱ्याच कमी वजनात. गडावर दोन्ही मिळत होतं.

सुट्टे पैसे. याच्यावर जास्त काय बोलायचं, दहा-वीस-पन्नासच्या नोटांची एक वेगळी पिशवी ठेवा. कारण सुट्टे नसले की समोरचा माणूस राहू द्या म्हणतो आणि आपण नकळत फुकट घेऊन निघतो, आणि ते सगळ्यात वाईट.

दूधगाडी हा योगायोगाने सापडलेला रस्ता होता, तो आधीच शोधता आला असता. गावात रोज नेमाने ये-जा करणारी चाकं मोजकीच, दूधगाडी, मुक्कामी एसटी, तालुक्याहून येणारे शाळेचे सर लोक, कांद्याची पिकअप. यातली दूधगाडी सगळ्यात पक्की. लिलाव बंद असोत, शाळेला सुट्टी असो, अमावास्या असो, म्हैस दूध देतेच आणि ते खाली न्यावंच लागतं.

आणि मयत. याला प्लॅनिंग नाही. दुकानदाराला त्या रात्री गाठून शटर उघडायला लावता आलं असतं, असं एकाने मला ही हकीकत ऐकून सांगितलं, दोन मिनिटांचं काम, तो काही नाही म्हणाला नसता. नसता म्हणाला हे खरंय. तिघांनी त्याच्या घराकडे पाऊलसुद्धा टाकलं नाही आणि त्यात बदल करायला हवा असं मला वाटत नाही.

आता पुढच्या हिवाळ्यात आमच्यातलीच दुसरी एक टीम हीच रांग करणार आहे. त्यांना दूधवाल्या दादाचा नंबर हवाय. सरांनी आधी त्यालाच फोन करून विचारलं की नंबर दिला तर चालेल का, उगाच दर शनिवारी कुणीतरी यादी पाठवायला लागेल. तो म्हणाला द्या की, माणशी पिशवीला पन्नास रुपये घेईन आता, डिझेल वाढलंय, आणि सकाळी सहा ते नऊ कुणी फोन करू नका म्हणावं, तेव्हा माझे हात दुधात असतात.